मामाच्या कंबरेची पूर्वतयारी

मनुष्याच्या शरीरात कंबर हा असा अवयव आहे की, तो धरेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही आणि धरल्यावर दुसऱ्या कशाची होत नाही. हृदयाला कवी मिळाले, डोळ्यांना शायर मिळाले, मेंदूला स्पर्धा परीक्षा मिळाल्या. कंबरेच्या वाट्याला फक्त पट्टा आला. असं असूनही आपल्या समाजाने लग्नासारखा गंभीर विधी कंबरेवर सोपवलेला आहे, आणि तोही दुसऱ्याच्या कंबरेवर.

तो विधी असा. मुहूर्ताच्या आधी नवरीच्या मामाने तिला दोन्ही हातांवर उचलून खोलीपासून बोहल्यापर्यंत आणायचं. या कामाला वयोमर्यादा नाही, वजनमर्यादा नाही, वैद्यकीय तपासणी नाही. बदली मामा चालत नाही (चुलत मामा चालतो, पण मग सख्ख्याला काय धाड भरली होती, याची चौकशी जेवणाच्या पंगतीत सुरू होते आणि पुढच्या पिढीपर्यंत चालते). पूर्वी नवऱ्या परकर नेसायच्या वयाच्या असत, तेव्हा ही प्रथा कोणाला जाचत नसे. पुढे कायद्याने नवरीचं वय वाढवलं आणि सुबत्तेने वजन. मामाच्या कंबरेत मात्र अद्याप कोणतीही सुधारणा करण्यात आलेली नाही.

नानासाहेब एका महामंडळाच्या विभागीय कार्यालयात अव्वल कारकून होते. (महामंडळ नेमकं काय करतं, हे सांगता येईल असा अधिकारी सध्या रजेवर आहे.) मूळचे कन्नड गावचे, पण सगळी नोकरी शहरात गेली. एवढ्या नोकरीत त्यांच्यावर एकदाही ठपका आला नाही, कारण त्यांनी एकदाही काही केलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर आलेला कागद अडत नसे आणि सुटतही नसे. तो फिरत राही. जबाबदारी अंगावर आली की किंचित बाजूला सरकायचं, म्हणजे ती मागच्या माणसावर पडते, हे कार्यालयीन शास्त्र त्यांना पुरतं अवगत होतं. अडचण एवढीच होती की सख्ख्या मामाच्या मागे कोणी उभं नसतं.

त्या हिवाळ्यात पिशोरकडच्या एका लग्नातला व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आला. त्यात एक मामा नवरीला घेऊन निघाले आणि मध्येच थांबले. त्यांना पुढे जाता येईना, खाली ठेवता येईना. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो इशारा समजून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. नवरी खाली, तिच्यावर मामा, आणि त्यांच्याभोवती नाचणारी करवली. नानासाहेबांनी तो व्हिडिओ पोट धरून हसत पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आपल्या सगळ्या ग्रुपवर तीन-तीन हसरे चेहरे लावून पाठवला. घाईत तो कार्यालयाच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली' ग्रुपवरही गेला. तिथेही लोक हसले.

त्याच संध्याकाळी कन्नडहून धाकट्या बहिणीचा, आवडाबाईचा फोन आला. तिच्या शिवकन्येचं लग्न ठरलं होतं. तारीख वैशाखातली निघाली होती.

इथे थोडं मागे जाणं भाग आहे. आवडाबाईचा नवरा तरणाताठा गेला. दहाव्याला सगळा गोतावळा बसलेला असताना नानासाहेब म्हणाले होते की, शिवकन्येची काळजी कोणी करू नये, तिला मी स्वतः उचलून बोहल्यावर नेईन. दुःखात माणूस काय वाटेल ते बोलतो, आणि ऐकणारे नेमकं तेच लक्षात ठेवतात. शिवकन्या तेव्हा शाळेत होती आणि वाऱ्याने उडेल अशी होती. त्यानंतर तिने पोलीस भरतीची तयारी केली, गोळाफेकीत पूर्ण गुण मिळवले आणि ती शिपाई म्हणून रुजू झाली. तिच्या दंडाला पाहून वस्तीतली टवाळ पोरं रस्ता बदलत. मामाला तशी सोय नव्हती.

नानासाहेबांनी फोनवरच काही पर्याय सुचवून पाहिले. पाहुण्यांकडे हल्ली मुलगी पालखीतून येते. शहरात तर फुलं लावलेल्या गाडीतून येते. आणि खरं म्हणजे मुलगी सरकारी नोकरीत आहे, ती स्वतःच्या पायांवर चालत आली तर समाजाला चांगला संदेश जाईल. आवडाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"समाजाचं ऱ्हाऊ दे नाना," ती म्हणाली. "माझ्या पोरीला बाप नाय. लोक म्हणतेन, मामा बी नाय का?"

नानासाहेब म्हणाले, "मी हाय की." फोन ठेवला तेव्हा त्यांना आपल्या कंबरेत काहीतरी हललं असं स्पष्ट जाणवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भीतीचा रीतसर निपटारा करायला घेतला. क्रांती चौकातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कंबर ठणठणीत आहे, फक्त तिला कामाची सवय नाही. हळूहळू वजन उचलायला शिका. मत इतकं स्पष्ट होतं की नानासाहेबांना ते संशयास्पद वाटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी वजन मुळीच उचलू नका म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी आधी एमआरआय काढा म्हटलं. तिन्ही मतं एकत्र वाचून नानासाहेबांनी असा निष्कर्ष काढला की, वजन उचलण्यास हरकत नाही, मात्र त्याला वजन असता कामा नये.

उस्मानपुऱ्यात टायरच्या दुकानामागे गयासभाईंची जिम होती. गयासभाई तरुणपणी विद्यापीठाकडून वजनं उचलत. आता ते दुसऱ्यांना उचलायला लावत आणि आपण खुर्चीत बसून चहा पीत. दोन क्विंटलचा माणूस अंगावर आला तरी ते डगमगले नसते. पण दाढ किडून त्यांचा उजवा गाल कित्येक दिवस सुजलेला होता आणि दाताच्या दवाखान्याचं नाव काढलं की ते नमाजाची वेळ झाली म्हणून उठत. थोडक्यात, भीती या विषयातले ते जाणकार होते.

जिमला जायचा नानासाहेबांचा रस्ता क्रांती चौकातून होता. रोज संध्याकाळी ते तिथे उलट्या बाजूने स्कूटर घालत आणि मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून, एसटी आणि ट्रकच्या फटीतून, बोडक्या डोक्याने जिमवर पोचत. जिममध्ये शिरल्यावर ते हेल्मेट घालत. (रॉड डोक्यावर पडू शकतो. एसटी आजवर कोणाच्या डोक्यावर पडलेली नाही.) निघताना ते हेल्मेट जिमच्याच खुंटीला अडकवून ठेवत, कारण रस्त्यात हरवलं असतं तर सुरक्षिततेत खंड पडला असता.

हळूहळू जिममध्ये समविचारी माणसं निघाली. तात्यासाहेब म्हणून एक निवृत्त शिक्षणाधिकारी होते. त्यांचा खांदा आखडला होता आणि समोरचा आरसा अंगावर पडेल अशी त्यांना धास्ती होती. शिवाय नानासाहेबांच्याच कार्यालयातला कनिष्ठ लिपिक बन्सी होता, जो साहेब जिथे जातील तिथे जात असे. या तिघांची मिळून 'दुखापत प्रतिबंधक समिती' स्थापन करण्यात आली. समितीच्या बैठका छातीच्या व्यायामाच्या बाकावर होत, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. त्यामुळे त्या बाकावर इतरांना व्यायाम करता येईना, आणि जिममधल्या दुखापती आणखी कमी झाल्या.

समितीचा पहिला अहवाल अतिशय समाधानकारक होता. सभासदांमध्ये दुखापतीचं प्रमाण शून्य टक्के आढळून आलं. (बैठकीला येताना तात्यासाहेबांचा पाय गटाराच्या फुटक्या झाकणात गेला आणि टाके घालावे लागले, परंतु सदर घटना जिमच्या हद्दीबाहेर घडल्याने ती विचारात घेण्यात आली नाही.) उचलण्यात आलेलं एकूण वजनही शून्यच होतं, पण अहवालात तसा रकानाच नव्हता.

समितीपुढे घरगुती वजनाचाही प्रश्न आला होता. नळाला पाणी येण्याच्या दिवशी नानासाहेबांच्या पत्नी आशाबाई खालच्या हौदातून दुसऱ्या मजल्यावर हंडे नेत असत. (पाणी आठवड्यातून एकदा येत असल्याने आठवड्याचं पाणी त्याच दिवशी वर जाई.) सखोल चर्चेअंती असं ठरलं की, हंड्याला रॉड नसल्यामुळे तो व्यायाम होत नाही, आणि व्यायाम नसल्यामुळे त्यातून दुखापत संभवत नाही. हा निर्णय आशाबाईंना कळवण्यात आला तेव्हा त्या कंबर शेकत होत्या. त्यांनी तो ऐकला आणि शेकायची पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

असे दोन महिने गेल्यावर गयासभाईंचा धीर सुटला. त्यांनी नळाचा पांढरा पाइप आणून नानासाहेबांच्या हातात दिला.

"नानासाब, ये रॉड नै है, नल का पाइप है," ते म्हणाले. "इसमें से तो पानी भी नै आता. मोच काय कू आएगी?"

हा युक्तिवाद शहरातल्या माणसाला पटण्यासारखा होता. नानासाहेब पाइप उचलू लागले. पाय खांद्याइतके लांब, बूड मागे, छाती वर, जोर टाचांवर, आणि वजन अंगाला चिकटून. इतक्या शास्त्रशुद्ध रीतीने पाइप उचलणारा माणूस गयासभाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. नवीन पोरं आली की ते त्यांना नानासाहेबांकडे बोट दाखवत. मग एके दिवशी पाइपच्या जागी रिकामा रॉड आला, आणि त्या रॉडला छोट्या चकत्या आल्या. नानासाहेबांनी त्या 'तात्पुरत्या स्वरूपात' मान्य केल्या. चैत्र संपता संपता ते शिवकन्येच्या वजनाएवढा रॉड जमिनीवरून उचलून सरळ उभे राहू लागले, आणि कंबरेने याबाबत कोणतीही तक्रार दाखल केली नाही.

तरीही भीती जाईना. जिममध्ये कोणी नसलं की रॉड गुपचूप वर येई. पण बन्सीने कौतुकाने मोबाईल बाहेर काढला की नानासाहेबांना तोच रॉड जमिनीला खिळल्यासारखा वाटे. गयासभाईंनी हा प्रकार दोन-चार वेळा पाहिला, सुजलेल्या गालावरून हात फिरवला आणि चहा बाजूला ठेवला.

"आप कमर से नै डरते, नानासाब," ते म्हणाले. "आप देखनेवालों से डरते."

नानासाहेबांना हे लागलं. ते घरी गेले. पिशोरच्या मामाचा वेडावाकडा झालेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे होता, कारण व्हिडिओ त्यांनी नेमका त्या चेहऱ्यासाठीच पुन्हा पाहिला होता. लोक मोबाईल धरून कशाची वाट बघतात, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. ते स्वतः त्यातलेच एक होते आणि अशा माणसाकडून दयामाया मिळत नाही हे त्यांना स्वानुभवाने माहीत होतं.

यावर त्यांनी जो उपाय केला तो त्यांच्या एकूण सेवेला साजेसा होता. लग्नपत्रिकेत 'कृपया मोबाईल आणू नयेत' असं छापावं, अशी विनंती त्यांनी व्याह्यांना केली. ती फेटाळण्यात आली. मग त्यांनी कंबरेचा पट्टा घेतला. त्यावर बांधायला आणखी एक रुंद पट्टा घेतला. गुडघ्यांचे, कोपरांचे आणि मनगटांचे पट्टे घेतले. आणि पडायची वेळ आलीच तर मागून धरण्यासाठी समितीने एकमताने बन्सीची नेमणूक केली.

लग्न कन्नडला साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. ऊन मी म्हणत होतं. नानासाहेब नेहरू शर्टाच्या आत सगळी साधनसामग्री बांधून आले, तेव्हा पाहुण्यांना वाटलं, मामांची तब्येत सुधारली. गुरुजींनी ध्वनिक्षेपकावरून मामांनी मुलीला घेऊन यावं असं सांगितलं आणि वऱ्हाडाने एका हाताने फेटे सावरत दुसऱ्या हाताने मोबाईल वर केले. पिशोरचा व्हिडिओ त्या मांडवात सगळ्यांनी पाहिलेला होता. पहिल्या रांगेत नवऱ्या मुलाचे आजोबा आप्पासाहेब बसले होते. त्यांना मोबाईल धरता येत नसल्याने नातवंडांनी तो त्यांच्या हातात नीट बसवून दिला होता.

खोलीच्या दारात शिवकन्या शालू नेसून उभी होती. नानासाहेब तिला उचलायला वाकले, आणि वाकले नाहीत. दोन पट्ट्यांनी कंबर इतकी सुरक्षित केली होती की ती कोणत्याही बाजूला हलेना. गुडघ्यांनीही असहकार केला. नानासाहेब हात पसरून लाकडी बाहुल्यासारखे उभे राहिले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. शिवकन्येने मामाची अडचण ओळखून हळूच विचारलं की, मामा, मीच उडी मारू का? गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारा केला. मोबाईल आणखी वर गेले.

आवडाबाई कोठीच्या दाराशी उभी होती. बोहल्याजवळ येऊ नकोस असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. विधवेला तसं म्हणावं लागत नाही. ती तिथून निघाली, भर मांडवातून सगळ्यांच्या देखत चालत भावाजवळ आली, आणि त्याचा शर्ट वर करून पट्टे सोडू लागली. गुरुजींचा ध्वनिक्षेपक जवळच असल्यामुळे प्रत्येक पट्टा निघताना चर्रर्र असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आप्पासाहेबांनी शेजाऱ्याला विचारलं, कोणाचं काय फाटलं.

"शिवना नदीला पाणी आलं की मला खांद्यावर बशिवून साळंला न्यायचास," ती पट्टा ओढत म्हणाली. "तवा कुठं व्हता पट्टा?"

"तवा कुणी बघत नव्हतं, आवडे."

"मी बघत व्हते," ती म्हणाली, आणि सगळे पट्टे काखेत मारून बाजूला झाली.

नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांनी पाय खांद्याइतके लांब केले, बूड मागे नेलं, छाती वर काढली. शिवकन्या अंगाला चिकटली. टाचांवर जोर पडला आणि ती वर आली. अगदी पाइपासारखी नव्हे, पण आली.

"जड झाले का मी मामा?" तिने कानाशी विचारलं.

"नाय गं," नानासाहेब म्हणाले. हे त्यांच्या सेवाकालातलं पहिलं निवेदन होतं ज्याची जबाबदारी त्यांनी पूर्णपणे स्वतःवर घेतली.

ते बोहल्यापर्यंत चालत गेले. काही झालं नाही. त्यांनी भाचीला पाटावर उभं केलं, तरी काही झालं नाही. मांडवात एक विचित्र शांतता पसरली, जशी सामना पावसाने रद्द झाल्यावर पसरते. मोबाईल एकेक करून खाली आले. "नीट नेलं म्हणायचं," आप्पासाहेब म्हणाले, आणि आपला मोबाईल नातवाला परत केला. कोपऱ्यात आवडाबाई पट्ट्यांचा गठ्ठा छातीशी धरून रडत होती. तिचं चित्रीकरण कोणी केलं नाही.

याच वेळी बन्सी आपलं कर्तव्य बजावत होता. त्याला मागे उभं राहून साहेबांना धरायचं होतं. पण मागून चेहरा येत नाही, म्हणून तो पुढे आला होता आणि मोबाईल डोळ्यांपुढे धरून उलटा चालत होता. बोहल्याला कड असते ही बाब समितीच्या एकाही बैठकीत चर्चेला आली नव्हती. बन्सी पाठमोरा गेला तो थेट बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलात बसला. ढोल फुटला, मनगट मोडलं, आणि बँडवाल्यांनी इशारा समजून वाजवायला सुरुवात केली.

परतीच्या जीपमध्ये नानासाहेब खिडकीशी बसले. कंबर दुखत होती, पण ते दुखणं त्यांना आवडत होतं. बहिणीचं बोलणं आठवून त्यांचा ऊर भरून येत होता. आपण भीतीवर कायमचा विजय मिळवला आहे, आता आपल्याला कोणाच्या हसण्याची पर्वा नाही, असं ते आशाबाईंना सांगत होते. वेरूळच्या घाटात मोबाईल वाजला. बन्सी ढोलात बसतानाचा, मांडवात कोणीतरी घेतलेला व्हिडिओ आला होता. तो कोणाकोणाकडून फिरत आला होता, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणारा पिशोरचा होता: तेच ते मामा, पडल्यापासून अजून अंथरुणावर असलेले.

नानासाहेब अरेरे म्हणाले. बिचाऱ्याचं मनगट गेलं म्हणाले. मग त्यांनी ढोलाची जागा पुन्हा एकदा पाहिली आणि व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर पाठवला, तीन-तीन हसरे चेहरे लावून. या वेळी श्रद्धांजलीच्या ग्रुपवर तो चुकून गेला नव्हता.

वाचकांनी मात्र या प्रकाराला हसू नये. वजन उचलण्याची भीती नवख्या माणसाने कशी घालवावी, एवढंच जाणून घेण्यासाठी आपण इथवर आलात, असं आम्ही धरून चालतो. नानासाहेब भाचीला घेऊन सुखरूप बोहल्यावर पोचले तेव्हा आपला किंचित विरस झाला आणि बन्सी ढोलात बसल्यावर जरा बरं वाटलं, याची नोंद कुठेही घेण्यात आलेली नाही.